सव्वा किलो मडगार्ड

१६ जून, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून सायकल. निर्णय पक्का. डॉक्टर म्हणाले, शुगर उंबऱ्यात उभी हाय, आत घेऊ नका. ठीक आहे, नाही घेत. गाव ते परळी नऊ किलोमीटर, जाऊन-येऊन अठरा. क्लार्कच्या नोकरीत बसून बसून वाढलेलं पोट महिन्यात सपाट. दिवाळीला लग्नातली पँट घालणार.

मोटारसायकल अंगदला देऊन टाकली. धाकट्या भावासाठी एवढं केलंच पाहिजे. त्यानं एकदा तरी नको म्हणायला हवं होतं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत चावी घेऊन दूध घालायला गेला.

सायकल रोहिणीची घेतली. तिला आठवीत शाळेतून मिळालेली. आता पोरगी बारावीला, कॉलेज माझ्या शाळेच्या जरा पुढं, दहाला भरतं. तिला सांगितलं, आठ दिवस ऑटोनं जा, तवर मी सायकल अपग्रेड करून नव्यासारखी परत देतो. काहीच बोलली नाही. म्हणजे खूष आहे.

१७ जून, मंगळवार. संध्याकाळी ७
टाइम: एक तास पस्तीस मिनिटं. वाटेत अंगद दुधाचे कॅन घेऊन पुढं गेला, वर हॉर्न मारला. एक म्हातारा पायी चालला होता, तो बराच वेळ सोबतीला होता. बोलका माणूस.

पाय माझे उत्तम आहेत. दोष सायकलचा. यूट्यूबवर पुण्याचा एक पोरगा सांगतो, वजन हाच सायकलचा दुश्मन. उद्यापासून वजन कमी करायचं. सायकलचं.

२० जून, शुक्रवार
बास्केट, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर काढलं. घंटी पण. माझा आवाज आहे की. सायकल आता झकास दिसते. फक्त उभी राहत नाही, भिंत शोधावी लागते.

चेनमध्ये पँट गेली. उजवा पाय टरकला. उद्यापासून रबरबँड.

२५ जून, बुधवार
ऐतिहासिक दिवस. मडगार्ड काढले.

परळीत एसटी स्टँडजवळ हनुमानचं सायकलचं दुकान. तो म्हणे, साहेब, मडगार्ड कावून काढता? ह्या रोडला रोज थर्मलच्या राखेच्या गाड्या. धूळ बसावी म्हणून टँकर पाणी मारतंय, राखेचा नुसता काला व्हतोय. मडगार्ड हाय म्हणून माणूस माणसावानी घरी जातंय. मी त्याला एअरोडायनॅमिक्स समजावून सांगितलं. त्यानं पाना खाली ठेवून सगळं ऐकलं. मग शेजारच्या बंकटच्या किराणा काट्यावर दोन्ही मडगार्ड ठेवले. सव्वा किलो! मी दोघांकडं बघितलं. तर हनुमान म्हणे, आता तुमी बसा काट्यावर. बंकट पोट धरून हसला. अडाण्यांत विज्ञान रुजायला वेळ लागतो.

काढलेलं सगळं हनुमानकडंच टाकलं. भंगार घरी कोण नेणार.

रोहिणीनं विचारलं, पप्पा, आठ दिवस झाले. ऑटो अकरा माणसं भरल्याबिगर हालत न्हाई म्हणे, आणि पहिला तास फिजिक्सचा, तोच बुडतो. म्हणलं, अपग्रेड अर्ध्यावर आहे. संयम पण एक विषय आहे बेटा. वह्या उचलून आत गेली. पटलं.

२८ जून, शनिवार
शाळेत वट वाढलाय. मी पुढं गेलो की पोरं थांबून माझ्याकडं बघतात. व्हरांड्यात कुणीतरी म्हणलं, खारूताई आली रे. नवीन मॅडमला चिडवत असतील. एकेकाची नावं घेणार आहे.

मुख्याध्यापक विठ्ठलराव सरांच्या केबिनमधून निघालो तर म्हणाले, थांबा शहादेवराव. थांबलो. पाठीमागून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, काही नाही, जा. माणसाच्या तब्येतीतला फरक पाठीवरूनच कळतो.

संध्याकाळी बायको, सत्यशीला, शर्ट धरून दारात. आवं, कुठं लोळून आलात? कमरेपासून मानेपर्यंत राखेचा पट्टा, चार बोटं रुंद. मी म्हणलं, प्रदूषण. ती म्हणली, प्रदूषण काय पट्टी लावून सरळ आखतंय का?

५ जुलै, शनिवार
पट्टा मागच्या चाकाचा आहे, हे मी स्वतः शोधून काढलं. उपाय सोपा. स्पीड वाढवायचा. पंचविसाच्या वर गेलो की चिखल उडेपर्यंत माणूस पुढं गेलेला असतो. साधं गणित आहे.

आज उतारावर प्रयोग केला. चिखल डोक्यापर्यंत आला. टोपीच्या आत कसा गेला, अभ्यास करावा लागेल.

सत्यशीलेचा निकाल: शर्टाची पुढची बाजू मी धुणार, पाठ तुमची तुमी धुवा. मी हसण्यावारी नेलं. वाळत घातलेले शर्ट बघितले. खरंच तसंच धुतलेत.

६ जुलै, रविवार
पाठीला खताची रिकामी पिशवी बांधायचा विचार. नको. तिच्यावर लई मोठ्या अक्षरात डीएपी लिहिलंय.

१३ जुलै, रविवार
संकल्प: धर्मापुरीचं देऊळ सायकलनं. पाच वाजता निघणार होतो, आठला निघालो. पहिल्या हॉटेलवर तिथल्या पोरांना सायकलिंगचं महत्त्व सांगत बसलो. भज्यांच्या दोन प्लेटा. प्रोटीन लागतं. मग चक्कर आल्यासारखं वाटलं. टेम्पोत सायकल टाकून परत आलो. देऊळ आठशे-नऊशे वर्षं उभं आहे, कुठं पळून जात नाही.

२२ जुलै, मंगळवार
लातूरहून बारीक टायर आणि वाकडं हँडल मागवून बसवलं. सीट पण नवी, हातोड्याच्या दांड्याएवढी रुंद. त्रास होतो, पण स्पीड आहे. आठवड्यात पंक्चर चार. हनुमान आता मला बघितलं की न विचारता पाण्याचं घमेलं काढतो.

रोहिणीच्या कॉलेजातून मेसेज: हजेरी एकसष्ट टक्के. पंचाहत्तर नसेल तर परीक्षेचा फॉर्म अडेल. फिजिक्सचे सुग्रीव सर तर फोनवरच चिडले, पोरगी हुशार हाय, तिला पहिल्या तासाला पाठवत कावून न्हाईत? मी म्हणलं, वाहतुकीचा प्रश्न आहे. तो आहेच.

एक ऑगस्टला सायकल परत. शब्द म्हणजे शब्द.

१ ऑगस्ट, शुक्रवार
दिली. सकाळी नऊला स्वतः हातात दिली. वाकून बसावं लागतं, दप्तराला जागा नाही, ते तिनं पाठीवर घेतलं. पंप हाऊसच्या वळणावर ओढणी चेनमध्ये गेली. अंगद मागून येत होता म्हणून बरं. त्यानंच उचलून घरी आणलं. कोपर सोललेलं, हनुवटीला रक्त, ओढणी अर्धी चेनमध्ये. मी हळद लावायला गेलो, निम्मी फरशीवर सांडली, सत्यशीलेनं डबी हातातून काढून घेतली.

चेनकव्हर असतं तर, असं रोहिणी म्हणली. एवढंच म्हणली.

तिला रेसिंग पोझिशनची सवय नाही. सध्या सायकल मीच वापरतो. तिच्या सुरक्षिततेसाठी.

७ ऑगस्ट, गुरुवार
रोहिणी कॉलेज सुटल्यावर रोज तासभर हनुमानच्या दुकानात थांबते, असं बंकटनं सांगितलं. हाताला ग्रीस होतं. माझी आवड पोरीत उतरली. विचारलं, काय शिकतेस? म्हणली, बसवायला. काय बसवायला ते सांगितलं नाही. मी पण जास्त खोदलं नाही, कलाकाराला मोकळं सोडावं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी १
लिहू का नको.

पांढरा सदरा, पांढरी पँट, कडक इस्त्री. आज झेंड्याची दोरी सरांच्या हातात द्यायचा मान माझ्याकडं. रस्त्यावर पाणी रोजच्यापेक्षा जास्त मारलेलं, पुढारी येणार म्हणून. मी एकदम हळू आलो. पुढून बघितलं, स्वच्छ. रांगेतून झेंड्याकडं चाललो. सहाशे पोरं माझ्या मागं.

आधी कुणीतरी फुस्स केलं. मग सगळं मैदान. मागच्या रांगेतून मोठ्यानं आलं, खारूताई! मी नवीन मॅडमकडं बघितलं. मॅडम माझ्याकडं बघत होत्या.

तेव्हा कळलं.

सरांनी दोरी स्वतःच घेतली. मला कानात म्हणाले, शहादेवराव, भिंतीला पाठ लावून उभं राहा, फोटो व्हायचाय. राष्ट्रगीत भिंतीला टेकून म्हणलं. माझी सायकल पण तिथंच टेकवलेली होती.

परत येताना मागून घंटी वाजली. रोहिणी. सायकलवर. फ्रेम आणि चाकं हनुमानच्या भंगारातली, गंज घासून हिरवा रंग मारलेला. बाकी सगळं माझं काढलेलं: बास्केट, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, घंटी, जुनं हँडल, सीट, दोन्ही मडगार्ड. पांढरा ड्रेस घालून झेंडावंदनाला गेलती. ड्रेसवर एक ठिपका नाही. हनुमानच्या दुकानात सगळं तिनं स्वतः जोडलं म्हणे, त्यानं फक्त पाने दिले.

मला बघून थांबली. म्हणली, पप्पा, पाठ पुसू का? मी म्हणलं, वाळू दे.

१८ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळी ७.३०
आज तपासणी होती. साडेदहाला रजिस्टरं मांडून बसायचं होतं. पाऊस लागून राहिलेला. तिसऱ्या किलोमीटरला मागचा टायर फाटला, ट्यूब साप बाहेर यावा तशी बाहेर. ऑटो भरून गेले, एकानं पण ब्रेक मारला नाही. सायकल ओळखीच्या वावरात ठेवली आणि रोडला उभा राहिलो.

रोहिणी आली. तिला पण पहिला तास गाठायचा होता. नव्या सायकलवर शनिवारचा बुडाला नाही म्हणे, असंच चाललं तर ऑक्टोबरपर्यंत पंचाहत्तर भरेल, तिनं वहीत हिशोब मांडलाय. मी म्हणलं, तू जा. ती म्हणली, बसा पप्पा, पाय वर धरा. मी कॅरिअरवर बसलो. छत्री मी धरली, दोघांवर. बरीचशी माझ्यावरच होती.

पाणी खालून सपासप येत होतं आणि मडगार्डला लागून खालीच जात होतं. मी वाकून बघत होतो. पायाला थेंब नाही. म्हणलं, चांगलं बसवलंस. ती म्हणली, एक नट ढिला हाय, हनुमानकाकाला दाखवायचाय.

मग चढ आला. तिनं सीटवरून उठून पायडल मारले. श्वास मला ऐकू येत होता. खरचटलेलं कोपर माझ्या डोळ्यापुढंच होतं, खपली धरलेलं. एक टेम्पो पुढं गेला, त्यातला माणूस वळून बघत राहिला. तिनं मला उतरा म्हणलं नाही. मी मनात म्हणलं, आता उतरतो, त्या बाभळीपाशी उतरतो. बाभळ गेली. मग म्हणलं, पुलापाशी.

वेळेवर पोचलो. कपडे स्वच्छ. तपासणीचे साहेब म्हणाले, टापटीप माणूस दिसता. तिचा तास दहा मिनिटांनी चुकला. सुग्रीव सरांनी आत घेतलं नाही.

चढावर मी उतरायला पाहिजे होतं.