हात खाली घे

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला चार ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही, आणि आज रविवारची भांडी तशीच सिंकमध्ये टाकून लिहायला बसलेय. तू असतीस तर आधी भांडी घासायला लावली असतीस. तू वाचायचीस तेही ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, म्हणून मीही घाई करत नाही. सकाळी इथं शिरूरमध्ये बचत गटाच्या बायकांना मी टॅपिंग शिकवून आले. म्हणजे काय, तर भीती वाटली, आपल्याला हे जमणार नाही असं वाटलं, की दोन बोटांनी भुवईवर, डोळ्याखाली, हनुवटीवर, गळ्याखालच्या हाडावर हलकं टकटक करायचं आणि तोंडानं म्हणायचं, "मला भीती वाटतेय, तरी मी आहे तशी मला मान्य आहे." हसू नकोस. तू हसणार नाहीसच म्हणा. तुला हे माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं, आणि मला आज तेच टोचतंय.

मी कंपनीत लाइनवर कामाला लागले तोवरचं तू बघितलंस. पुढचं तुला माहीत नाही. साहेबांनी मला दोनदा सुपरवायझर व्हायला सांगितलं आणि दोन्ही वेळा मी "घरी अडचण आहे" म्हणून टाळलं. अडचण कसली डोंबलाची! रोज सकाळच्या मीटिंगमध्ये पन्नास-साठ माणसांपुढं, त्यात निम्मी यूपी-बिहारची, उभं राहून बोलायचं, याचीच मला धास्ती वाटायची. माझ्या हाताखाली काम शिकलेली पोरगी सुपरवायझर झाली. मी तिला पेढा भरवला, टाळ्या वाजवल्या आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मग कंपनीनं ट्रेनिंगसाठी पुण्याहून एक मॅडम बोलावल्या. त्यांनी आम्हा सगळ्या बायकांना हे टकटक करायला लावलं. आम्ही एकमेकींकडं बघून खिदळत होतो, हे कसलं ट्रेनिंग म्हणून. भुवई झाली, हनुवटी झाली, आणि माझी बोटं गळ्याखालच्या हाडावर आली तिथं माझं हसू बंद झालं. हात तिथंच राहिला. डोळ्यांतून धार लागली. मॅडमना वाटलं, मला चांगलंच लागू पडलं.

मला आपला गोठा दिसत होता. वरवंडच्या पुढं, कालव्याच्या कडेचा. पहिल्यांदा व्यालेली म्हैस आहे, लाथा झाडतेय, पान्हा सोडत नाही, आप्पा बादली घेऊन तिला शिव्या देतायत. "तुम्ही व्हा बरं बाजूला," म्हणून तू पुढं होतेस आणि तिच्या कपाळावर दोन बोटांनी हळूहळू टकटक करत राहतेस. "भ्या वाटतंय व्हय? वाटू दे. मी हाय." किती वेळ, याचा हिशेबच नाही. म्हैस मान खाली घालते, कान सैल सोडते, आणि मग बादलीत धार वाजायला लागते. तू स्वतःलाही तेच करायचीस. दवाखान्यात सुई घेताना, तहसील कचेरीच्या पायऱ्या चढताना, गळ्याखाली दोन बोटं आणि ओठातल्या ओठात, "वाटू दे. मी हाय." मी एकदा तुला चिडवलं होतं, तर म्हणालीस, "म्हशीला गुण येतो, मग मला का न्हाई यायचा?"

मग सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि आप्पांनी तुझा फॉर्म भरला. निवडून तू आलीस आणि हार आप्पांच्या गळ्यात पडले. खुर्चीवर ते बसायचे, सहीपुरती तू. त्याचं तुला फारसं काही वाटत नव्हतं, पण एक गोष्ट तू मनाशी धरली होतीस. वस्तीवरच्या पोरी कालव्यावर टाकलेल्या पाइपवरून तोल सावरत शाळेला यायच्या. पाणी सुटलं की त्यांच्या आया त्यांना घरीच ठेवायच्या. "तितं पूल पायजे," तू आप्पांना सांगितलंस, "आन् ग्रामसभेत मी सोता बोलनार." आप्पा म्हणाले, "बोल की. तोंड कुणी बांधलंय तुझं?" त्यांना वाटलं असेल, ही कसली बोलतेय.

मी तेव्हा शिरूरला मामांकडं राहून कॉलेजला जात होते. एस. वाय.ला होते, म्हणजे मला जगातलं सगळं कळत होतं. चौफुल्याला एसटीतून उतरले ती भाषण लिहूनच. "सन्माननीय व्यासपीठ आणि उपस्थित ग्रामस्थ बंधू-भगिनींनो" इथपासून सुरुवात. तू ऐकलंस आणि म्हणालीस, "एवढं कशाला गं? म्या आपलं साधं सांगते की, त्या पोरींचं." मी म्हणाले, "आई, सभेत असं बोलतात का? शोभतं का ते?" आठ दिवस तू धारा काढताना ते सन्माननीय व्यासपीठ घोकलंस. जीभ अडखळली की मी टोकायची. तुला तुझ्या बोलण्याची लाज वाटायला मी शिकवलं, दुसऱ्या कुणी नाही.

शाळेच्या पटांगणात सभा आहे. तू उभी राहतेस, माईक हातात घेतेस. मी तुझ्या शेजारीच बसलेय, विसरलीस तर सांगायला. दुसऱ्या हातात कागद आहे. तू "सन्माननीय" म्हणतेस आणि पुढचं काही येत नाही. मी हळूच सांगते, तरी येत नाही. मग तू कागद टेबलावर ठेवतेस. डोळे मिटतेस. गळ्याखाली दोन बोटं ठेवून टकटक सुरू करतेस आणि माईकमधून साऱ्या पटांगणाला ऐकू जातं, "वाटू दे, वाटू दे." माझ्या अंगाचा नुसता जाळ होतो. मी तुझा पदर ओढते आणि दातओठ खाऊन म्हणते, "हात खाली घे. लोक हसतायत." तू डोळे उघडून माझ्याकडं बघतेस. कुणाकडंच नाही, फक्त माझ्याकडं. हात खाली येतो. आप्पा उठतात, तुझ्या हातातला माईक घेतात आणि गटारीच्या कामावर बोलायला लागतात.

घरी येताना तू एवढंच विचारलंस, "लई हसली का गं मानसं?" मी "हो" म्हणाले.

पुलाचं नाव तू पुन्हा काढलं नाहीस. सहा वर्षांनी कुणा दुसऱ्यानं तो करून घेतला. तोवर वस्तीवरच्या दोन पोरी सातवीतून घरी बसल्या होत्या, त्यांची लग्नंसुद्धा झाली. सभेला तू पुढंही जायचीस, सही करायचीस, गप्प बसायचीस. आणि माझ्यासमोर तू ते टकटक परत कधी केलं नाहीस. शेवटी ससूनला ऑपरेशनला नेताना तुझा हात चादरीच्या आत गेला होता. मला वाटलं, थंडी वाजतेय. मी आणखी एक चादर टाकली. आता कळतंय गं, आत काय चाललं असेल ते.

मी सुपरवायझर झाले. रोज मीटिंगआधी लेडीज रूममध्ये दोन मिनिटं टकटक करते आणि बाहेर येऊन मोडक्या हिंदीत बोलते. डॉक्टर झालेला भाचा म्हणतो, "मावशी, नुसतं मनाचं समाधान आहे." असेना का! मला गुण आला. आपण कुचकामी आहोत असं हल्ली कमी वाटतं. फक्त तुझ्या बाबतीत त्याचा काही उपयोग होत नाही. "मी आहे तशी मला मान्य आहे" म्हणायला गेले की ते पटांगण डोळ्यांपुढं येतं आणि वाक्य मी अर्ध्यावरच सोडून देते. सकाळी एका बाईनं विचारलं, "ताई, कुटनं शिकलात वो हे?" तीसभर बायका माझ्याकडं बघत होत्या. मी सांगितलं, पुण्याच्या एका मॅडमनी शिकवलं.

हे पत्र मी आप्पांना दाखवणार नाही, कुणालाच नाही. घडी घालून कपाटात ठेवीन. पण तुला सांगायचं राहिलेलं सांगून टाकते. त्या दिवशी तुझा पदर ओढायच्या आधी मी समोर बसलेल्या लोकांकडं बघितलं होतं. कुणीही हसत नव्हतं, आई. बाया पुढं सरकून बसल्या होत्या, तू आता काय बोलतेस म्हणून.