आईच्या खोलीचं दार आणि माझ्या पटाश्या

३ फेब्रुवारी, सकाळी ८
आई पंचवीसला कायमची राहायला येतेय. अट एकच, खोलीचं दार नीट लागलं पाहिजे. बिजागऱ्या गेल्यात, दार फरशीला घासतं. बायको म्हणाली, सुताराला बोलवा. डोकंच फिरलं. मला देवानं हात काय शोभेला दिलेत? दार उतरवून हॉलमध्ये उभं केलं. निम्मं काम झालं. आता नव्या बिजागऱ्यांसाठी चौकटीत खाच पाडायची. एक पटाशी आणली की झालं.

६ फेब्रुवारी
हार्डवेअरवाल्याकडे चांगली पटाशी सोन्याच्या भावात. स्वस्तातली मागितली तर म्हणतो, ती रंगाचे डबे उघडायला ठीक आहे. चारचौघांत! तसाच परत आलो. जाणकार लोक जुनीच घेतात. जुनं पोलाद ते जुनं पोलाद. कालच व्हिडिओत पाहिलं.

११ फेब्रुवारी
जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या सुताराकडून तीन पटाश्या घेतल्या. नव्या एकीपेक्षा स्वस्त. हार्डवेअरवाल्याच्या नाकावर टिच्चून! म्हातारा सांगत बसला, दगडावर पाणी टाकत सावकाश धार लावा, घाई नको. मला शिकवतोय!
बायको विचारते, दार कधी? शंभरदा टोकल्यावर माणसानं काम करायचं कसं?

१४ फेब्रुवारी
खालच्या वेल्डरचा ग्राइंडर आणला. तिन्हींना दहा मिनिटांत धार. टोकं मोरपिसासारखी निळी झाली. सावकाश म्हणे!

१५ फेब्रुवारी
पहिल्याच घावाला धार दुमडली. तिन्हींची. संतापून म्हाताऱ्याकडे गेलो, भंगार गळ्यात मारलंत म्हणून सुनावलं. त्यानं एकेक पटाशी उलटसुलट करून पाहिली.
"निळी केलीत म्हणजे तापून पोलादाचं पाणी उतरलं, आता धार टिकायची नाही, साहेब. माझ्या वडलांच्या होत्या."
मग आधी सांगायला काय झालं होतं?

१९ फेब्रुवारी
डबे उघडायची पटाशी आणली. हार्डवेअरवाल्यानं विचारलं, कुठला रंग देताय. त्याचं तोंड पुन्हा बघणार नाही.

२२ फेब्रुवारी
चौकट वीतभर चिरली. लाकूडच हलकं. घर बांधणारा लेकाचा चोर. बायकोनं दाराच्या जागी पडदा लावला. म्हटलं, पडदाच बरा, हवा खेळती राहते. तिनं नुसतं पाहिलं. त्या पाहण्याचा सगळ्यात जास्त राग आला.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळ
धाकट्या भावानं आईला गाडीतून आणलं. वॉकर टेकत ती खोलीपर्यंत गेली, पडदा बाजूला केला, सोडला, पुन्हा बाजूला केला. हॉलमध्ये येऊन चहा प्याली. मग धाकट्याला म्हणाली, पिशवी उघडू नकोस, परत तुझ्याकडेच जाऊ.
मी तोंड उघडायच्या आत माझा हात धरला.
"रागावू नकोस रे. येत जाईन मी दिवसा. पण मला लुगडं नेसायला आता अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ दार लागतं."
पिशवी मीच खाली नेऊन दिली. गाडी गेल्यावर बराच वेळ फाटकात उभा राहिलो. चिडायला कोणीच सापडेना.