फटीपुरता दगड

५ मार्च १८७१
चिठ्ठी नाही, मालकाची परवानगी नाही, आणि मी रस्त्याच्या मधोमध! गुलामी सुटून सहा वर्षं झाली, तरी छाती भरून येते. मेथडिस्ट चर्चवाल्यांनी या म्हाताऱ्याला पाद्री केलं, वर एक खेचर दिलं. खेचर हट्टी. मीही.
आज उपदेशानंतर नेहमीप्रमाणे लोक उठले, विकल्या गेलेल्या आपापल्या माणसांची नावं पुकारली. मीही पुकारलं — "सिल्व्ही. माझी बायको. जॉर्जियात विकली, पोटुशी होती." कुणालाच ठाऊक नव्हती. एक म्हातारी म्हणाली, "पाद्रीबुवा, अजून शोधताय? दुसरी करायची होती की!"
हसलो. काय करणार!

९ मार्च
सव्हाना नदी ओलांडली. पलीकडे जॉर्जिया. देवा, केवढं हे पाणी! तिला याच पाण्यावरून नेलं असेल.

१२ मार्च
मुक्काम तमरकडे. भातखाचरांच्या कडेला घर, बाई विधवा, जिभेला धार. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी तिने दाराशी लोखंडी पातेलं उपडं घातलं. गुलामीत आम्ही सगळेच घालायचो — आवाज पातेल्यात जिरतो, मालकाला कळत नाही.
"अगं, आता कशाला?"
"बुरखेवाले गोरे रात्री घोड्यांवरून फिरतात, आपल्या माणसांना मारतात, पाद्रीबुवा. तुमची छाती मोठी असेल. माझं पातेलं राहू द्या."
मग तिने एका बाजूने काठाखाली दगड सरकवला. मी वाकून बघितलं. पातेलं सगळे जमिनीला टेकवून ठेवतात. दगड ठेवणारी मी एकच बघितली होती.
"दगड कशाला?"
"आईची खोड. म्हणायची, मालकाला ऐकू जाऊ नये, पण देवाला तरी फट नको का?"
हेच! अगदी हेच सिल्व्ही म्हणायची, आणि मी तिला हसायचो.
"आई कुठंय?"
"गेली. गेल्या हिवाळ्यात."
नाव विचारलं. तिने सांगितलं. पुढची प्रार्थना मला म्हणता येईना, तमरनेच म्हटली. एवढा अफाट मुलूख, आणि त्यात तू माझ्यासाठी एक दगड ठेवलास, देवा!

१३ मार्च
तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि झाडू उचलला. दिवसभर अंगण झाडत होती. तेच तेच अंगण.
उद्या निघावं. ओझं कशाला व्हायचं?

१४ मार्च
सकाळी दाराशी पातेलं नव्हतं. चुलीवर होतं. मी खेचरावर खोगीर चढवत होतो, तेवढ्यात आतून ओरडली — सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी —
"बा! खोगीर उतरव. भात निवतोय."