कोड, कोढ आणि केतकीची हळद

अल बर्शा, दुबई
रविवार

ती. सौ. उज्ज्वलावहिनींना अनुराधाचा वाकून नमस्कार.

दादाची शुगर, तुमचा गुडघा आणि मांडववाला हे तिघेही ताळ्यावर असतील अशी आशा. आम्ही ठीक आहोत. (आम्ही म्हणजे सुजीत आणि अवनी. माझं खाली येतंच आहे.) फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र सुजीतच्या हाती देतेय. तो ऑफिसच्या कामाने पुण्याला येतोय, तिथून साताऱ्याला सासुरवाडीत डोकावेल.

परवा तुम्ही म्हणालात, "विमानाने दमशील गं, केतकीच्या हळदीची धावपळ नको, थेट मुहूर्ताला ये." वहिनी, ठाण्याची मावशी एसटीने येऊन जेवढी दमते तेवढीही मी दमत नाही. तुमची खरी काळजी माझ्या हातांवरच्या कोडाची आहे. व्याह्यांकडचे पाहतील आणि आत्याला आहे म्हणजे भाचीलाही होणार, असं म्हणतील. तुमचं साफ चूक आहे असं मला म्हणवत नाही. मीही इतकी वर्षं ऑफिसात "एसी फार आहे" म्हणत लांब बाह्यांत बसले. एसी खरोखरच फार असल्यामुळे यात खोटं नेमकं किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर या जानेवारीत ठरवलं की आता लपवायचं नाही, कोणी विचारलं तर सरळ नाव सांगायचं. पहिल्यांदा विचारलं समोरच्या फ्लॅटमधल्या अफशाने. ती कानपूरची. लिफ्टमध्ये म्हणाली, "भाभी, हाथ जल गया क्या?" मी माझ्या सातारी हिंदीत ताठ मानेने सांगितलं, "नहीं, मेरे को कोड है." आम्ही दोघी सहाव्या मजल्यावरच्या. ती दुसऱ्यावरच उतरली.

मला वाटलं, काम असेल. मग बिल्डिंगमधल्या बायकांच्या पॉटलकमधून, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या पंगतीतून, माझे साबुदाणेवडे जसेच्या तसे परत आले. सुजीतने त्यातले चार खाऊन "वड्यांत काही दोष नाही" असा निर्वाळा दिला. शेवटी लिफ्टमधलं बोलणं मी घरी सांगितलं, तशी अवनी किंचाळली, "आई! कोढ इज लेप्रसी इन हिंदी! यू टोल्ड हर यू हॅव लेप्रसी!" म्हणजे आपल्याला कुष्ठरोग झाल्याचं मी हसतमुखाने जाहीर केलं होतं.

आता खुलासा कसा करायचा? "मला तो रोग नाही हो" असं दारोदार सांगायचं, म्हणजे ज्यांना तो आहे त्यांचे वडे परत गेले तर चालतील, असंच ना? यावर मी डायरीची बरीच पानं खर्ची घातली आणि निष्कर्ष काही निघाला नाही. सुजीत म्हणाला, "तू आधी बेल वाजव. यल्ला, चल!" वाजवली. सांगितलं. अफशाने कपाळाला हात लावला. "हाय अल्ला, सफेद दाग! तो ऐसा बोलो ना!" मग आत ओढून चहा पाजला, आणि दूध-मासे एकत्र न खाण्यापासून तिच्या फूफीच्या, म्हणजे आत्याच्या, हकिमापर्यंत इतके उपाय सांगितले की कोढ असतानाचे दिवस मला फार शांत वाटू लागले. निघताना म्हणाली, "खलास, अब मैं सबको बता दूँगी." आणि सांगितलंही. हल्ली लिफ्टमध्ये माझ्या हातांकडे कोणी बघत नाही. (की कोण बघतंय हे बघणं मीच सोडलंय? नक्की सांगता येत नाही.)

हे सगळं लिहिलं ते उपदेश करायला नव्हे. लग्न केतकीचं, घर तुमचं. तुम्ही म्हणाल तर मुहूर्तालाच येईन आणि मुळीच रुसणार नाही. गुडघ्याला जपा, मांडववाल्यावर फार ओरडू नका.

तुमची नणंद,
अनुराधा

ता. क. शेवटून दुसरं वाक्य खोटं आहे. मी रुसेन. बारशाला केतकीच्या कानात नाव मी सांगितलं होतं. हळद लावणाऱ्या सवाष्णींत मला धरा.

आणखी एक ता. क. हे आधी विचारायला हवं होतं, ते आता नुसतं कळवतेय. मी विहीणबाईंना फोन केला. मराठीत केला, त्यामुळे गोंधळाला जागा नव्हती. म्हटलं, मला कोड आहे, मी हळदीला आले तर तुमची काही हरकत नाही ना? त्या "एक मिनिट हं" म्हणाल्या आणि पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मला वाटलं, मोडलं लग्न. मग त्या हळूच म्हणाल्या, "अहो, आमच्या धाकट्या भावजींनाही आहे. चेहऱ्यावरच आहे. तुम्ही मंडळी काय म्हणाल म्हणून त्यांना लग्नाला बोलावलंच नव्हतं." आता तेही हळदीला येतायत, बायकामुलांसकट. केटररला पानं तेवढी वाढवून सांगा. दादाला कसं सांगायचं तेही तुम्हीच बघा.