शोहेइसानवर बहिष्कार

३ सप्टेंबर, रविवार
मॉलमध्ये शोहेइसानचा गाण्याचा कार्यक्रम. चार गाणी, मग हात मिळवणं. त्याची एक सीडी विकत घेतली की एकदा हात, दहा सेकंद. मी दोनच सीडी घेतल्या. मी काही वेडी फॅन नव्हे. वेड्या सात-सात घेतात.

आज त्याने नोझुएबाईंचा हात दोन्ही हातांनी धरला. माझा एका हाताने, दोन्ही वेळा. नऊ वर्षं जातेय मी! तो सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गायचा, ऐकायला अकरा माणसं आणि एक कुत्रा, तेव्हापासून. नोझुएबाई गेल्या वर्षी उगवल्या.

दर वेळी दहातले तीन सेकंद माझं नाव सांगण्यात जातात. तोगावा हिसाए, हामामात्सु. त्याला माहीत आहेच, तरी सांगते.

४ सप्टेंबर
आमचे हे म्हणाले, अगं, याच सीडीच्या घरात एकोणीस प्रती आहेत, आणि दहा सेकंदांत माणूस माणसाला काय भेटणार? मी म्हटलं, पैसे हातासाठी नसतात, ओळखीसाठी असतात. पियानोच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढली, पण यांना संगीतातलं काही कळत नाही.

५ सप्टेंबर
निश्चय. पुढचे तिन्ही कार्यक्रम बुडवायचे. नुमाझू, तोयोहाशी, काकेगावा. तो रांगेवरून नजर फिरवेल, मी नसेन. कळू दे. दुःखाची गाणी त्याला जरा वरवरचीच जमतात, तीही सुधारतील. म्हणजे यात त्याचाच फायदा आहे.

१७ सप्टेंबर, सकाळी ९
नुमाझूला गेले नाही. शांत आहे.

९.४०
शांत आहे. कपाट आवरलं.

दुपारी २
आता रांग लागली असेल. तो काळा कोटवाला, जो खांद्याला धरून बायकांना पुढे ढकलतो, त्याला शोहेइसान हळूच विचारत असेल, तोगावाबाई दिसत नाहीत आज?

यांनी तीनदा विचारलं, बरं नाही का तुला? मग नाशपाती सोलून आणली. अर्धी साल तशीच. खाल्ली. यांना काय कळणार, मी आजारी नाहीये, शिक्षा करतेय.

२० सप्टेंबर
शाळेच्या स्वयंपाकघरात त्याचं गाणं गुणगुणायचं नाही असं ठरवलं होतं. गुणगुणायचं नाही याच्याच नादात चारशे मुलांच्या करीमध्ये दोनदा मीठ पडलं. मुख्य बाई म्हणाल्या, तोगावाबाई, लक्ष कुठे असतं हल्ली? जबाबदार शोहेइसान. वहीत नोंद करून ठेवतेय.

२५ सप्टेंबर
काल तोयोहाशीही बुडवलं. आज नोझुएबाईंना फोन केला, केवळ त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायला. ओघात विचारलं, कसा होता तो? म्हणाल्या, अहो काय सांगू, एकदम ताजातवाना, नुसता हसत होता! मी विचारलं, हसू जरा ओढूनताणून वाटलं का? म्हणाल्या, छे हो.

म्हणजे लपवतोय. कलाकार माणूस. नोझुएबाईंना तेवढी नजर नाही.

त्यांनी, तुम्ही का नव्हतात, असं विचारलंसुद्धा नाही. मला त्याचं काही नाही.

१ ऑक्टोबर
काकेगावा. हे गाडीची किल्ली घेऊन समोर उभे राहिले. म्हणाले, चल, मी सोडतो, तुझा हा चेहरा मला बघवत नाही. परवापर्यंत दहा सेकंदांना नावं ठेवणारा माणूस! काही तत्त्व म्हणून नाही. नाही गेले. दिवसभर वर्तमानपत्र वाचलं, एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. शिक्षा करणं फार दमवणारं काम आहे.

७ ऑक्टोबर
उद्या तो हामामात्सुत. बहिष्कार संपला. तक्रार करायची नाही, मोठ्या मनाने घ्यायचं. एकच वाक्य: मी परत आले. दोन सेकंद. उरलेले आठ त्याचे. त्याच्या डोळ्यांत पाणी येईल, म्हणून जादा रुमाल घेतलाय. नाव सांगायचं नाही. आता सांगायची गरजच नाही.

सीडी दोन. एक बोलायला, एक त्याची समजूत काढायला.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ
रांगेत चाळीस मिनिटं उभी. समोर गेले. म्हटलं, मी परत आले. तो हसून म्हणाला, हो तर! गेल्या रविवारी काकेगावालाही आलात, दर वेळी येता, फार आधार वाटतो हो.

मी म्हटलं, हो.

का म्हटलं? तो इतका गोड हसत होता, आणि काळ्या कोटवाल्याचा हात माझ्या खांद्यावर आलाच होता. तीन रविवार मी घरात कुढत बसले, आणि याच्या लेखी मी तिथेच होते.

पण गैरसमज ठेवून कसं चालेल? दुसरी सीडी होतीच. पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. पंचवीस मिनिटं वाक्य घोटलं: काकेगावाला मी नव्हते, शोहेइसान. तीनही ठिकाणी नव्हते.

पोचले. तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, नमस्कार, आज पहिल्यांदाच आलात का?

तोच ब्लाउज, तेच केस, तोच मी सकाळी तासभर बसून रंगवलेला चेहरा. म्हटलं, हो, पहिल्यांदाच. नाव विचारलं त्याने. सांगितलं. छान नाव आहे म्हणाला.

घरी आले. हे दारातच उभे. म्हणाले, काय, ओळखलं का? मी म्हटलं, लगेच. हे म्हणाले, ओळखणारच! नऊ वर्षं जातेस तू, तो काय दगड आहे? आणि खरोखरच खूश होऊन चहा टाकायला गेले.

मला त्यांच्याकडे बघवेना. न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले.