हंगामाच्या सणाला ती मोठ्याने बोलली

माये, तू गेलीस तेव्हा मला मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. आता दाढी वाढली आहे आणि ती करावीशी वाटत नाही. धुळ्याचं कॉलेज अर्ध्यावर टाकून मी घरी येऊन बसलोय. तू असतीस तर आधी उलथनं घेऊन मागे लागली असतीस, मग ताट वाढून विचारलं असतंस, "काय व्हयनं रे?" बाबा विचारत नाहीत. ते पाळक, साऱ्या ख्रिस्ती मंडळीच्या सुखदुःखाची चौकशी करतात. पण मी समोर जेवायला बसलो की त्यांना मीठ हवं असलं तरी स्वतः उठून घेतात. एका चुलीचं खातो आम्ही, आणि बोलणं दोन परक्या गावच्या माणसांइतकं. म्हणून तुला लिहितोय. तू अक्षराला अक्षर लावून वाचायचीस, ओठ हलवत. म्हणून जरा मोठं अक्षर काढतोय.

ती तुला आठवत असेल. आपल्या देवळाची घंटा वाजवणाऱ्याची मुलगी. शनिवारी संध्याकाळी तू स्वयंपाकघरात पोरींना बोलवायचीस, त्यात ती सगळ्यात लहान, नाक सतत वाहणारी. चुलीवर भाकरी आणि इकडे तुझी शाळा. उद्या देवळात पदर डोक्यावर, बाही कोपरापर्यंत, केसात फूल नको, डावीकडच्या चटयांवर बसायचं, गाणं सगळ्यांबरोबर म्हणायचं पण उठून बोलायचं नाही. बाबा पुलपिटावरून प्रेषिताच्या पत्राचा आधार देऊन जे सांगायचे, तेच तू पीठ मळता मळता शिकवायचीस. फक्त तुझ्या तोंडून ते वेगळंच वाटायचं. तू म्हणायचीस, पदर घेतला की तू कुणाची पोर नाहीस, कुणाची बायको नाहीस. आत तू आणि देव, तिसरं कोणी नाही. मी भाकरीचा पापुद्रा चोरायला दारात उभा. आणि ती, तेवढीशी, तुला विचारते, "मंग पोरे काब्र नही लेतंस पदर?" तू तव्यावरून नजर न काढता म्हणतेस, "पोरेस्ना डोकामां झाकासारखं काय ऱ्हास?" सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या, आणि माझ्याकडे बघून ती सगळ्यात जास्त. मला तेव्हा इतका राग आला होता! कॉलेजात गेल्यावर कळलं की मी त्या हसण्यात तेव्हापासूनच अडकलो होतो.

आणखी एक दिवस आठवतो, तोही तुला सांगतो, कारण त्याबद्दल आपण कधी बोललोच नाही. देवळाच्या दाराशी तू एक लाकडी पेटी ठेवायचीस. मिशनच्या मडमांनी दिलेल्या जुन्या पायघोळ साड्या तिच्यात. डोंगराकडच्या बाया गुडघ्यापर्यंतचं लुगडं कासोटा मारून नेसून यायच्या, खांद्यावर ओढणीसारखी फडकी. त्यांना आत जाण्याआधी तू त्या साड्या वरून गुंडाळायचीस, मडमांचा तसा हुकूम होता. एका रविवारी एका म्हातारीला तू असंच गुंडाळलंस. पायरी चढताना तिचा पाय साडीत अडकला आणि ती दाणकन आपटली. उठून तीच हसली. "हाई साडी शे का मासा धरानं जाळं?" म्हणाली. सगळे हसले, तूही हसलीस. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग एका रविवारी उपासना सुरू झाली, बाबा प्रार्थनेला उभे राहिले आणि तू दारातून आत येतेस त्या म्हातारीचा हात धरून. तू स्वतः तिच्यासारखीच. गुडघ्यापर्यंत लुगडं, पिंढऱ्या उघड्या, डोक्यावरून फडकी नीट ओढलेली. तुझ्या माहेरी डोंगरात नेसतात तसं. पाळकाची बायको! बाबांचं वाक्य अर्ध्यात तुटलं. तू जाऊन शेवटच्या चटईवर बसलीस, तिला शेजारी बसवलंस आणि डोळे मिटलेस.

घरी आल्यावर बाबा पुस्तकी मराठीत बोलले. तुला माहीत आहे, ते रागावले की पुस्तकी बोलायचे. मायेने बोलले तर अहिराणी. "तू मंडळीपुढे मला लज्जित केलेस," ते म्हणाले. तू म्हणालीस, "डोकं तं झाकेल व्हतं ना?" एवढंच. पुढच्या रविवारी तू पायघोळ साडी नेसून आलीस. शाळेतली पोरं तुझ्या लुगड्यावरून मला चिडवायची थांबली आणि मला हायसं वाटलं. नंतर तुला ताप आला, पावसाळा संपायच्या आत तू गेलीस. ते सगळं मागेच राहिलं.

आता गेल्या हंगामाच्या सणाचं ऐक. पद्धत तीच आहे, तुझ्या वेळची. प्रत्येक घरचा कर्ता पुरुष नव्या पिकाची पाटी घेऊन टेबलापुढे उभा राहतो, दोन शब्द मोठ्याने आभाराचे बोलतो, पाटी ठेवतो. बायका मागून मुकाट्याने येतात. घंटावाला काका दिवाळीपासून खाटेवर होता, आणि त्याला मुलगा नाही. तेव्हा मंडळीच्या पंचांनी ठरवलं की पाटी मुलीने आणावी, बोलतील त्या घरातर्फे एक पंच. मी सुट्टीवर आलो होतो, उजवीकडे पुरुषांत बसलो होतो आणि डावीकडे बघायचं नाही असं स्वतःला बजावत डावीकडेच बघत होतो. ती उठली. मिशनच्या शाळेत बालवर्गाला शिकवते ती आता, चालण्यात मास्तरणीचा ठसका आलाय. भाताची पाटी जड, दोन्ही हात गुंतलेले. टेबलाशी पोचेपर्यंत पदर डोक्यावरून सरकून खांद्यावर आला. पंच घसा साफ करून "या घराच्या वतीने" असं म्हणतो न म्हणतो तोच तिचा आवाज आला. मोठा, स्वच्छ.

"देवा, हाऊ भात मन्हा बापनी लावा, मी कापा. तो खाटवर पडेल शे. तेले उठाड."

बस्स. पाटी ठेवली, पदर सावरला, जागेवर जाऊन बसली. माये, मी त्या क्षणी तिच्यासाठी जीव दिला असता. खोटं नाही.

संध्याकाळी पंच बसले. दोन गुन्हे: उघडं डोकं, आणि मंडळीत स्त्रीचा आवाज. निकाल बाबांनी सांगितला, पुस्तकी मराठीत. पुढच्या प्रभुभोजनाआधी तिने उभं राहून क्षमा मागावी, तोवर तिला त्यातली भाकर आणि प्याला नाही. मी न बोलावता आत घुसलो. "देवाला पदर दिसतो आणि पदरातलं माणूस दिसत नाही का?" असं ओरडलो, आणखी पुष्कळ ओरडलो. एक पंच म्हणाला, "कॉलेजनं पानी लागनं वाटतं पोरले." दुसरा म्हणाला, "पानी नही रे, दुसरंच काय लागेल शे." हसले सगळे. बाबा सोडून. मी दार आपटून बाहेर पडलो आणि ठरवलं, हिला सोडून आता धुळ्याला जायचं नाही. परीक्षा तोंडावर होती. गेलोच नाही.

थंडीत काकाची तब्येत आणखी उतरली. डोळे मिटायच्या आत पोरीचं लगीन बघायचं, एवढंच त्याच्या तोंडात. गुजरातेतल्या, व्याऱ्याकडच्या एका मास्तराचं स्थळ आलं. तेव्हा बाबा मला म्हणाले, अहिराणीत म्हणाले, म्हणून सांगतो, की तिला क्षमा मागू दे, मी स्वतः देवळात तुमच्या लग्नाची पुकार करतो, स्वतः लगीन लावतो. माये, इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. मी धावतच देवळात गेलो.

ती घंटेच्या दोरीशी होती. बाप पडल्यापासून घंटा तीच वाजवायची. त्या आवाजाला मात्र कोणी पंच बसवले नव्हते. मी म्हणालो, "दोनच शब्द शेत. म्हनी टाक."

"काय म्हनू?"

"चुकनू, इतलंच."

"कसामां चुकनू?"

"कशातच नही. तरी म्हनी टाक ना! बाबा आपलं लगीन लाई देतीन."

तिने दोरी सोडली. मग हळूच म्हणाली, "तू बी?"

तीच पुढे बोलली, अगदी शांतपणे, वर्गात पोरांना समजावते तशी. पदर पडला त्याची माफी ती आज मागेल, आत्ता मागेल; पाटी आधी खाली ठेवायला हवी होती, तिलाच वाईट वाटतंय, उघड्या डोक्याने ती देवापुढे कधी उभी राहिली नव्हती. "पन बापसाठे तोंड उघडं, तेन्ही माफी मांगू? माय व्हती तं तिनी मांगू दिधी असती का?" माय म्हणजे तू. ती तुला माय म्हणते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी काय करावं? समजून घ्यावं ना? माझं डोकं फिरलं. म्हणालो, "मंग जा त्या मास्तरकडे."

ती म्हणाली, "जासू."

गेली. लग्न तिकडच्या मंडळीत झालं, इथे तिला प्रभुभोजनाला बसता येत नव्हतं आणि त्याशिवाय लग्न लागत नाही म्हणून. खांडबारा स्टेशनावर गाडीत बसवायला अर्धं गाव गेलं होतं, मी गेलो नाही. आल्यावर एक काकू सांगत होती, पदर असा नीट घेतला होता पोरीनं की कपाळसुद्धा दिसेना. काका पुढच्या आठवड्यात गेला. तिची प्रार्थना काही ऐकली गेली नाही, असं पंच म्हणतात. मला वाटतं ऐकली गेली असेल, उत्तर दुसरं आलं असेल. तुला वरून ठाऊक असेल, मला कोण सांगणार?

दिवसभर मी सगळ्यांना शिव्या देतो. पंचांना, बाबांना, मडमांच्या साड्यांना, त्या मास्तराला तर फारच. तुलाही देतो कधी, की तूच शिकवलंस तिला हे, पदर घे आणि आत कुणाचं ऐकू नको. हा कागद कुठे टाकायचा तेही मला माहीत नाही. चुलीत टाकेन बहुतेक, बाबा उठायच्या आत.

पण एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही, तुला सांगतो. तिने त्या दिवशी माफी मागितली असती, उभी राहून, सगळ्यांदेखत, पदर पुढे ओढून, तर मी आनंदाने नाचलो असतो, माये. पदराआड तिचं तोंड कसं झालंय, हे मी वाकून बघितलंच नसतं.