शून्य सोडून काहीही

४ मार्च
मिळाली एकदाची नोकरी! खोली उजेडाची, टेबल ऐसपैस, चहा हवा तितका. काम एका चारशे अंकी मूळ संख्येचं. एक आणि ती स्वतः, याखेरीज तिला कशानेही भाग जात नाही. माझ्या सासूबाईंसारखी, कुणालाच दाद देत नाही. यंत्राने ती मूळ ठरवलीय, तरी इथला रिवाज म्हणून मी रोज एका भाजकाने हाताने भागायचं आणि बाकी वहीत लिहायची. सगळे भाजक संपवायला सात जन्म पुरणार नाहीत, पण नियम तो नियम. वहीच्या पहिल्या पानावर घरच्यांची नावं लिहून घेतली, अडीअडचणीला कळवायला. आई, दादा, बायको, छकुली. खाली माझं.

७ मार्च
माझ्या आधी इथे जो होता त्याची वही चाळली. पहिल्या पानावर फक्त त्याचंच नाव. साहेब म्हणाले, एकटाच होता बिचारा, कधी कुणाची आठवणही काढली नाही त्याने.

१२ मार्च
एका भागाकाराला अख्खा दिवस जातो, मनगट भरून येतं. मग डोकं चालवलं. संख्या मूळ आहे म्हणजे बाकी शून्य कधीच येणार नाही. मग शून्य सोडून काहीही लिहा, कोण तपासतंय? गेले चार दिवस बाक्या नुसत्या ठोकून दिल्या आणि छकुलीला पत्र लिहीत बसलो. तिच्या वाढदिवसाला येतो म्हणून कबूल केलंय. पत्र झालं, उद्यापासून पुन्हा खरं भागेन.

१५ मार्च
बायकोला फोन केला, आईची तब्येत विचारली. ती म्हणाली, "अहो, असं काय करताय? त्या तुमच्या जन्माच्या वेळीच गेल्या ना?"
वही उघडली. आईची ओळ कोरी. खाडाखोडसुद्धा नाही.

१६ मार्च
दादाची ओळ गेली. चार खोट्या बाक्या, चार नावं. साहेबांपुढे सगळं कबूल केलं. त्यांनी मानही वर केली नाही.
"नावं उगाच लिहून घेत नाही आम्ही."
आधी का सांगितलं नाहीत, विचारलं. चहा घेणार का, म्हणाले.

१७ मार्च
त्या चारांतला तिसरा भागाकार आता खरा करायला बसलो. अर्ध्यावरच बायकोची ओळ पुसली गेली. फोन केला. कोण बोलताय, म्हणाली. मागून छकुली विचारत होती, कुणाचा फोन आहे ते. माझ्या आळसाला आग लागो.

१८ मार्च
पहाटेपासून चौथ्या भागाकाराला बसलोय. दोनशे अंक झाले —
तीनशे दहा. छकुलीच्या गालावर खळी पडते. उजव्या, की —
तीनशे नव्वद. हातचा धरला होता का मघाशी? धरला असेल. मागे जायला वेळ नाही —
झालं. बाकी लिहिली.

पानावर माझं एकट्याचं नाव. टेबलावर एक पत्र पडलंय, अक्षर माझ्यासारखंच, कुणा छकुलीला लिहिलेलं. साहेबांना विचारायला हवं. पोर वाट बघत असेल, कुणाची असेल ही —